सोळा रस्त्यांची गोलाई आणि गोदाकाठचे नगर

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. मधोमध जगदंबेचे मंदिर, त्याच्याभोवती १९४५ साली उभी राहिलेली दुमजली इमारत, इमारतीला वळसा घालणारा रस्ता आणि त्यातून फुटलेल्या बाजाराच्या वाटा असे तिचे रूप आहे. हैदराबाद संस्थानातील नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिची आखणी केली. मराठवाड्यातील बहुतेक गावे वेस, गढी, देऊळ आणि मशीद यांच्या आधाराने, गल्लीला गल्ली जोडत वाढली. लातूरचा हा बाजार मात्र आधी कागदावर कंपासने काढला गेला आणि मग जमिनीवर उतरला. म्हणूनच संशोधन, रचना आणि चित्रकला यांच्या साहाय्याने शहरातले जगणे कसे समजून घेता येते, हे सांगायला मराठवाड्यात गोलाईसारखे दुसरे ठिकाण नाही.

गोलाई उभी राहायला बाजार लागतो, आणि बाजाराला वाहतूक. बार्शी लाईट रेल्वेचा अडीच फुटी रूळमार्ग १९११ मध्ये लातूरला पोचला. पुढे १९२७ मध्ये तो मिरजेपर्यंत गेला. बालाघाटाच्या पठारावरची ज्वारी, तूर, करडई, शेंगदाणा आणि गूळ या छोट्या गाडीने बाहेर जाऊ लागला आणि आडत्यांची दुकाने वाढली. संस्थानी काळात लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८२ उजाडले. थोडक्यात, शहराला सरकारी दर्जा मिळण्याच्या कितीतरी आधी व्यापाराने त्याला आकार दिला होता.

गोलाईतून निघणाऱ्या रस्त्यांची ओळख मालावरून होते: भुसार लाईन, कापड लाईन, सराफ लाईन. पाटीवरचे अधिकृत नाव काहीही असो, रिक्षावाल्याला हेच सांगावे लागते. दिवसभरात या जागेचे रूप अनेकदा पालटते. सकाळी दुकानांची शटरे बंद असताना फुलवाले आणि देवीच्या दर्शनाला आलेली माणसे असतात. मग टेम्पो येतात, हमाल पोती उतरवतात, आणि दुपारपर्यंत वर्तुळाच्या आतल्या कडेला हातगाड्यांची रांग लागते. लग्नसराईत गावाकडून आलेली कुटुंबे आधी सराफाकडे, मग कापड दुकानात आणि शेवटी भांड्यांकडे जातात. हा क्रम इतका ठरलेला आहे की तो नकाशावर बाणांनी दाखवता यावा. वेळ अमावास्येला मात्र, म्हणजे गावकऱ्यांच्या येळवशीला, हाच बाजार ओस पडतो. दुकानदार, गिऱ्हाईक आणि हमाल सगळे कोणा ना कोणाच्या शेतावर भज्जी आणि आंबिल घ्यायला गेलेले असतात. ज्या दिवशी शहर रिकामे होते, त्या दिवशी ते नेमके कशावर उभे आहे हे कळते. लातूरचा शिवाराशी असलेला संबंध मोजायचा, तर अभ्यासकाने हाच दिवस निवडावा.

यातले काहीही शहराच्या विकास आराखड्यात दिसत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ प्रमाणे आराखडा करण्यापूर्वी प्रत्यक्ष जमीनवापराचा नकाशा करावा लागतो. त्यात पिवळा रंग म्हणजे राहती वस्ती, निळा म्हणजे व्यापार, जांभळा म्हणजे उद्योग आणि हिरवा म्हणजे उद्यान-मैदान. वरती दुकानदाराचे कुटुंब, खाली दुकान, ओट्यावर भाड्याने बसलेला शिलाईवाला आणि समोर गाडीवाला, असा अनेकांचा उदरनिर्वाह सांभाळणारा तुकडा या नकाशात एकाच रंगाने भरला जातो. वेळेला तर त्यात जागाच नाही. नकाशा खोटा नसतो, पण तो फक्त जमिनीचा असतो. फेरीवाल्यांविषयीच्या २०१४ च्या कायद्याने दर पाच वर्षांनी किमान एकदा त्यांचे सर्वेक्षण आणि नगर पथविक्रेता समिती बंधनकारक केली, ती ही उणीव भरून काढण्यासाठीच. समितीच्या सदस्यांपैकी किमान चाळीस टक्के हे फेरीवाल्यांनी निवडून दिलेले असावेत, असेही त्या कायद्यात आहे. ज्याचा धंदा रस्त्यावर आहे त्यालाच रस्त्याची खरी माहिती असते, हे कायद्याने मान्य केले, एवढीही गोष्ट थोडी नाही.

शहर आधी पायी फिरून समजून घ्यावे आणि मगच त्याला हात लावावा, हा विचार भारतात रुजवला पॅट्रिक गेडीस या स्कॉटिश अभ्यासकाने. मूळचा जीवशास्त्रज्ञ असलेला हा माणूस १९१४ मध्ये भारतात आला, अनेक शहरांचे अहवाल लिहिले आणि १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा पहिला विभागप्रमुख झाला. मराठवाडा तेव्हा ज्या संस्थानात होता, त्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या जागेसाठीही त्याचा सल्ला घेतला गेला. दाट वस्ती पाडून सरळसोट रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. आधी निदान, मग गरजेपुरती काटछाट, ही त्याची रीत. विहीर कुठे आहे, झाड कोणाच्या दारात आहे, बायका पाण्याला कोणत्या वाटेने जातात, हे पाहिल्याशिवाय रेघ मारायची नाही.

गेडीसनंतर सुमारे चार दशकांनी अमेरिकेत केविन लिंच याने दुसरी युक्ती वापरली. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या शहरांतल्या रहिवाशांना त्याने आपापल्या शहराचा नकाशा आठवणीने काढायला सांगितला. त्यातून १९६० साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्याने मांडले की माणसाच्या मनातले शहर पाच गोष्टींचे बनते: वाटा, कडा, भाग, नाके आणि ठळक खुणा. लातूरकराला असा नकाशा काढायला सांगितला, तर मधोमध गोलाई येणार आणि बाकी सगळे तिच्या संदर्भाने, हे जवळजवळ ठरलेले आहे.

गोदाकाठच्या नांदेडचे तसे नाही. तिथे केंद्रापेक्षा कडा महत्त्वाच्या आहेत. एक कड गोदावरीची, दुसरी रेल्वेची, आणि दोहोंच्या मधे जुने शहर: किल्ला, इतवारा, चौफाळा, वजिराबाद आणि गुरुद्वारा. रुळांपलीकडे शिवाजीनगरसारख्या वसाहती वाढल्या. नदीपलीकडे वाघाळ्याच्या बाजूला सिडकोने नवीन नांदेड वसवले. १९९७ मध्ये नांदेड-वाघाळा महानगरपालिका झाली, तेव्हा या तुकड्यांना एक नाव मिळाले. पण सिडकोत राहणारा माणूस आजही ‘नांदेडला जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा नदी किती मोठी कड आहे ते कळते. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाख होती, लातूरची ३ लाख ८३ हजारांच्या घरात.

नांदेडच्या जुन्या भागाचा विचार गुरुद्वाऱ्याला वगळून करता येत नाही. शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंग यांचे १७०८ मध्ये इथे निर्वाण झाले. महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिबची वास्तू बांधवून घेतली. त्या निमित्ताने पंजाबातून आलेल्यांपैकी अनेक जण इथलेच झाले. त्यांचे वंशज आज गुरमुखी वाचतात, घरात दखनीचा हेल असलेली हिंदी बोलतात आणि भाजीवाल्याशी मराठीत घासाघीस करतात. गुरुद्वाऱ्याजवळच्या रस्त्यावर उभे राहून नुसत्या पाट्या वाचल्या तरी शहराचा इतिहास हाती लागतो. यात्रेकरूंच्या निवासावर गुरमुखी, औषधाच्या दुकानावर मराठी, इतवाऱ्याकडे वळताच उर्दू, आणि मोबाईलच्या दुकानावर इंग्रजी शब्द देवनागरीत. अशा पाट्यांची रस्तावार नोंद करणे ही शहर-संशोधनातली मान्य पद्धत आहे. तिला खर्च जवळपास काहीच येत नाही.

डिसेंबर २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान योजना सुरू झाली आणि निवडलेल्या ६३ शहरांत धार्मिक महत्त्वामुळे नांदेडचा समावेश झाला. समोर मुदत होती ऑक्टोबर २००८ ची, गुरू ग्रंथसाहिबाला गुरुपद मिळाल्याच्या, म्हणजे गुरु-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीची. तेवढ्या काळात रस्ते रुंद झाले, पदपथ आले, गुरुद्वाऱ्याभोवती मोकळा चौक तयार झाला, घाट बांधले गेले, विमानतळाचे नूतनीकरण झाले. मराठवाड्यातल्या दुसऱ्या कोणत्याही शहराच्या वाट्याला इतक्या थोड्या वेळात इतकी कामे आली नसतील. काही वस्त्यांत झोपड्या हलवण्याऐवजी जागच्या जागी घरकुले बांधली गेली, हे त्यातले शहाणपणाचे काम. पदपथांचे नशीब मात्र मिश्र निघाले. जिथे विक्रेत्याला, सायकलला आणि सावलीला जागा ठेवली नाही, तिथे पदपथावर मोटारसायकली चढल्या आणि पायी चालणारा पुन्हा डांबरावर आला. विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांवर कॅमेरे लावून तासन्‌तास चित्रीकरण केले आणि निष्कर्ष काढला तो अगदी साधा: जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात, आणि जिथे खायला मिळते तिथे जमतात. नांदेडच्या उन्हाळ्यात याला तिसरी अट जोडावी लागते, सावलीची. एप्रिल-मे महिन्यांत फरशीचा भव्य चौक दुपारी ओस असतो आणि शेजारच्या लिंबाच्या झाडाखाली माणसांची दाटी असते.

रचना चुकली तर काय होते, याचा मराठवाड्याला आलेला सर्वांत मोठा अनुभव मात्र शहरातला नाही, खेड्यांतला आहे. आणि ती खेडी पुढे शहरासारखी आखली गेली, म्हणूनच तो इथे सांगायचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणपती विसर्जन आटोपून लोक गाढ झोपेत होते. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली. वेगवेगळ्या नोंदींनुसार हा आकडा आठ ते दहा हजारांच्या दरम्यान आहे. भाग इतका भूकंपप्रवण मानला जात नव्हता. मारले ते मुख्यतः घरांनी. दगडाच्या जाड भिंती, दोन बाजूंनी रचलेल्या, मधे दगड-गोट्यांची भर, चुन्याऐवजी माती. आणि वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर वर्षानुवर्षे थर चढत गेलेली पांढरी माती. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार, रात्री झोपायला मोकळे असे हे छत त्या पहाटे काळ ठरले.

पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना एक गोष्ट आढळली. अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला होता. म्हणजे दोष लाकडात नव्हता, घराच्या मूळ कल्पनेतही नव्हता. तो भिंतीच्या बांधणीत आणि मातीच्या वजनात होता. पण ज्यांनी दगडांखालून आपली माणसे काढली, त्यांना दगड नकोसाच झाला होता. सिमेंटचे घर हीच मागणी होती आणि ती समजण्यासारखी होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावे नव्या जागी हलवली गेली. घराचे आकार जमिनीच्या मालकीप्रमाणे ठरले: २५०, ४५० आणि ७५० चौरस फूट.

नवी गावे काटकोनात आखली गेली. रुंद रस्ते, सुटी घरे, सारख्या रांगा. जुन्या गावापेक्षा ती कितीतरी पट पसरली. कागदावर हे नीटनेटके दिसते. पण माळवदाच्या गावात बायकांचे अर्धे आयुष्य बोळात आणि ओसरीवर जात असे. तिथे निवडण-टिपण चाले, भांडणे मिटत, लहान मुलांवर चार घरांची नजर असे. त्या जागेला नव्या नकाशात नाव नव्हते, म्हणून ती वगळली गेली. अनेक ठिकाणी घरे आकारमानाप्रमाणे गटागटाने बांधली गेल्याने भावकी पांगली आणि मोठ्या घरांची रांग, छोट्या घरांची रांग असा नवा भेद तयार झाला. पुढच्या काही वर्षांत लोकांनी आपल्या हाताने दुरुस्ती सुरू केली. पुढे पत्र्याचे छप्पर, बाजूला जनावरांचा गोठा, कुडाची न्हाणी, आणि रस्त्याचा थोडा भाग अंगणात. सरकारी भाषेत याला अतिक्रमण म्हणतात. अभ्यासकाने याला घराच्या आराखड्यावर राहणाऱ्याने दिलेला शेरा म्हणावे.

याला अपवादही होते. औसा तालुक्यातील मलकोंडजी या गावाच्या पुनर्वसनात अहमदाबादच्या ‘असाग’ या संस्थेने गावकऱ्यांना आखणीतच सामील करून घेतले. नंतर तिथे गेलेल्या संशोधकांना झाडे आणि एकत्र बसण्याच्या जागा असलेले गाव दिसले. गावकऱ्यांनी नकाशावर बोट ठेवले की नकाशा बदलतो, एवढाच त्यातला धडा.

छायाचित्रकाराच्या नजरेत मराठवाडा बहुधा संकटातच आला. आधी भूकंप, मग दुष्काळ. २०१६ मध्ये लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण आटले, मार्चमध्ये लातूरच्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. दहा टाक्या, प्रत्येकी सुमारे ५० हजार लिटर. पुढे ५० टाक्यांची गाडी नियमित येऊ लागली. ज्या मार्गाने छोट्या गाडीच्या काळात लातूरचा माल बाहेर जायचा, त्याच मिरज-कुर्डुवाडी-लातूर मार्गाने, आता मोठ्या रुळांवरून, पाणी आत आले. घागरींच्या रंगीबेरंगी रांगांचे फोटो देशभर छापले गेले. ते खरे होते. पण त्यांत शहराचा एक उन्हाळा आहे, बाकी वर्षे नाहीत. कोणत्या भागात नळाला किती दिवसांनी पाणी येते, टँकर कोणत्या गल्लीत वळू शकत नाही, बोअर कुणाच्या अंगणात आहे, हे रोजचे पाणी कॅमेऱ्याने क्वचितच टिपले. गल्लीवार पाण्याचा नकाशा काढला, तर तो एखाद्या गाजलेल्या फोटोपेक्षा महापालिकेला अधिक उपयोगी पडेल.

चित्रकलेतही हेच झाले. मराठवाडा म्हटले की अजिंठा-वेरूळ, नाहीतर भेगाळलेली जमीन. मधले शहर, त्याचे नाके आणि त्याचा कंटाळा कॅनव्हासवर फारसा आला नाही. मुंबई-ठाण्याच्या नशिबी चित्रकार सुधीर पटवर्धन होते. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करता करता त्यांनी लोकलचे प्रवासी, इराणी हॉटेल, गिरण्यांचा परिसर आणि वाढती उपनगरे रंगवली. त्यांच्या चित्रांत गिरणगावाचे बदलणे कोणत्याही अहवालाइतके स्पष्ट दिसते. नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या परिसराला असा कुणी चित्रकार मिळायला हवा होता.

तरी शहरात चित्रे नाहीत असे नाही. फक्त ती गॅलरीत नाहीत. लातूरच्या उद्योग भवन परिसरात, ज्याला सगळे ट्यूशन एरिया म्हणतात, इमारतींच्या पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत फ्लेक्स लागलेले असतात. त्यांवर गुण, रँक आणि कॉलेजच्या ओळखपत्रावरचे असावेत तसे मुलामुलींचे चेहरे. खाली मेस, अभ्यासिका, ‘कॉट बेसिस’च्या जाहिराती, झेरॉक्स आणि चहाचे गाडे. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ने उभे केलेले हे शहरातले दुसरे शहर आहे. त्याचे रहिवासी दर वर्षी-दोन वर्षांनी बदलतात, बहुतेकांचे वय मतदानाचे नाही, आणि म्हणून नगरसेवकाला त्यांची फारशी फिकीर नसते. पूर्वी ब्रशने पाट्या रंगवणारे पेंटर या मजकुराला वळणदार देवनागरी देत. फ्लेक्सने तो धंदा बसवला. जुन्या भागातल्या शटरांवर त्यांची अक्षरे अजून कुठे कुठे टिकून आहेत. ती पुसली जाण्यापूर्वी कुणीतरी फोटो काढून ठेवले पाहिजेत.

हे काम बाहेरच्या तज्ज्ञाचीच वाट पाहत बसावे असे नाही. मुंबईत मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘पुकार’ या संस्थेने वस्तीतल्या तरुणांनाच गट करून आपल्या वस्तीवर संशोधन करायला शिकवले. विषय त्यांनी निवडायचा, प्रश्न त्यांनी विचारायचे, फोटो त्यांनी काढायचे. संशोधन हा पदवीधरांचा मक्ता नाही, नागरिकाचा हक्क आहे, ही त्यामागची भूमिका. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून आहे, त्याचे ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, शेजारी विष्णुपुरीतच अभियांत्रिकी संस्था आहे. लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र आणि जुनी महाविद्यालये आहेत. मोजणारे, आखणारे आणि चित्र काढणारे विद्यार्थी एकाच गावात असून एकमेकांना भेटत नाहीत, ही अडचण पैशाची नाही.

आणि शाळांपाशी तर तयार साधन आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना या दोन्ही जिल्ह्यांतली मुले दर वर्षी बसतात. त्यातला स्मरणचित्राचा पेपर म्हणजे आठवणीतून प्रसंग उभा करणे. लिंचने बोस्टनकरांकडून जे करून घेतले, त्याच्या फार जवळचे. पण सरावासाठी मुले गाइडमधला ठरावीक बाजार काढतात: तीच छत्री, तीच भाजीवाली, तेच वडाचे झाड. चित्रकलेच्या शिक्षकांनी यंदा वर्गाला एक सकाळ गोलाईत किंवा नांदेडच्या नगीना घाटावर न्यावे, वही बंद ठेवून नुसते पाहायला लावावे, आणि परत आल्यावर तोच बाजार, तोच घाट आठवणीने काढून घ्यावा. ती चित्रे तारीख आणि जागेचे नाव घालून शाळेत जपून ठेवावीत, आणि पुढच्या विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा त्यांचा एक गठ्ठा नगररचना विभागात जरूर द्यावा.